बाईंचा डावा पाय

बाईंनी अर्ध्या गावाला गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला रस्त्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चालायला, असं त्यांची नणंद म्हणायची. नणंदेची जीभ तिखट, पण बाईंचा आवाज तिच्याहून तिखट. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चौकात शिरली की काचा बंद असूनही ऐकू यायचं, "पाय! क्लचवरचा पाय काढ! तो क्लच आहे, पायपुसणं नव्हे! झिजून जाईल!"

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच बसवलेला असतो. शिकणारा गांगरला की गाडी बाईंनी सावरायची. त्यामुळे उभी हयात बाई शेजारच्या सीटवर पाय पेडलवर तयार ठेवून बसल्या. आयुष्य गाडीत गेलं, पण स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात.

स्कूल बंद केल्यावर बाईंनी जे केलं त्यानं घरादाराची वाचा बसली. मिस्त्रीच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली एक जुनी, पिवळी, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार त्यांनी विकत घेतली. दोनच सीटा आणि इंजिन पाठीमागे. यजमान आयुष्यभर वाचनालयात लोकांना गप्प बसवत आलेले ग्रंथपाल. त्यांनी पहिल्यांदा इंजिनाचा आवाज ऐकला आणि बोट आपोआप ओठांवर नेलं. गाडी काही गप्प बसली नाही.

गाडीचे नखरे एकेक करून उघडे पडले. सकाळी गियरबॉक्समधलं तेल तापेपर्यंत दुसरा गियर पडायचाच नाही. पहिल्यावरून थेट तिसरा घ्यावा लागे. रहदारीत अडकली की तापमानाचा काटा वर चढायचा, मग भर उन्हात हीटर लावून इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची. यजमान घामाघूम होऊन म्हणत, "अगं, लोक गार हवेसाठी गाडी घेतात." आठवडाभर उभी राहिली की बॅटरी झोपायची. हॉर्न दाबला की वायपर फिरायचे. पुढचे दिवे बॉनेटमधून वर उघडणारे; त्यातला एक वर यायचा, दुसरा मिटलेलाच. एवढी पोक्त बाई गाडीतून डोळा मारत जाते, ही तक्रार नणंदेनं रीतसर घरी येऊन नोंदवली.

पण घाटात! घाटात ती गाडी वेगळीच व्हायची. गावात रुसून धक्के देणारं इंजिन चढावर जरा जोरात फिरू दिलं की खुलायचं. स्टिअरिंग जड, पण रस्त्यातला खडा न् खडा तळहाताला कळायचा. वळण घ्यायची तिची रीतही ठरलेली होती. वेग वळणाआधी कमी करायचा, आत शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. मध्येच सोडला की मागची बाजू बाहेर फेकली जायची. बाईंनी आजवर घाबरणाऱ्यांनाच शिकवलं होतं. इथं घाबरायची सोय नव्हती, आणि त्यातच त्यांना सुख वाटायचं. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत त्यांचे गाल मुलीसारखे लाल झालेले असायचे.

गोची केली ती क्लचनं. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी ती चकती जळाली. नवी घातली, तीही जळाली. बाईंची कारखान्याला, रस्त्याला आणि मिस्त्रीला नावं ठेवून झाली. मिस्त्रीनं कानावर हात ठेवले. "बाई, काम चोख केलंय. गाडीच खादाड आहे." घरात चेष्टेला ऊत आला तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुन्हा क्लच गेला तर गाडी विकून टाकीन."

क्लच पुन्हा गेला. बाई शब्दाच्या पक्क्या. नवा क्लच बसवून त्यांनी दातांच्या डॉक्टरांना निरोप धाडला. हे डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी, बाईंच्या आवाजानं थरथर कापत शिकलेले, आणि गाडीवर केव्हापासून डोळा ठेवून असलेले. ते रविवारी संध्याकाळी येणार होते.

रविवारी सकाळी बाई यजमानांना घेऊन शेवटचं घाटात गेल्या. घाट उतरल्यावर सरळ रस्ता लागला. यजमानांच्या चष्म्याचं घर मांडीवरून घसरून खाली गेलं. ते शोधायला कष्टानं वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"अगं, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा."

"हा डावा पाय सारखा त्या पेडलवर ठेवायचाच असतो का?"

"कुठल्या पेडलवर?"

"डावीकडच्या. तू कायम ठेवतेस. मला वाटलं, नियम असेल."

बाईंनी खाली पाहिलं. चौथ्या गियरमध्ये, मोकळ्या सरळ रस्त्यावर, त्यांचा डावा पाय क्लचवर निवांत टेकला होता. शिकवणीच्या गाडीत पेडलवर तयार बसायची त्याला सवय लागलेली. शिकणारा बाजूला नाही, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

बाईंनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. 

"अहो, हे आधी का नाही बोललात?"

"तू शिकवणारी बाई. मला सायकलसुद्धा धड येत नाही. मी तुला काय सांगणार?"

घरी येईपर्यंत बाईंना सगळं स्वच्छ दिसलं होतं. गाडीत खोट नव्हती, म्हणजे ती विकायचं कारणही उरलं नव्हतं. पण तसं म्हणायचं तर आपला पाय कबूल करायला हवा. गप्प राहिलं तर गाडी जाईल पण अब्रू राहील. बोललं तर गावभर होईल, तेही डॉक्टरांच्या तोंडून. दवाखान्यात रोज इतकी माणसं तोंड उघडं टाकून बसतात. त्यांना ऐकण्यावाचून दुसरा उद्योग काय? 

संध्याकाळी डॉक्टर आले. गाडीभोवती हळुवार हात फिरवत दोन फेऱ्या मारल्या. नणंदही अंगणात खुर्ची टाकून बसली होती. असा प्रसंग ती सोडणार थोडीच!

"बाई, क्लचचं जरा काळजीचं वाटतंय," डॉक्टर अदबीनं म्हणाले.

यजमान चष्मा पुसू लागले. वर बघतच नव्हते. हा माणूस जन्मभर तोंड उघडणार नाही, हे बाईंना कळलं, आणि कळल्यामुळेच त्यांना राहवेना.

"गाडीचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "मीच क्लचवर पाय ठेवून चालवते. मीच जाळले सगळे."

 नणंद पदराआड खुदखुदली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे गाडी उत्तम आहे! मग कशाला विचार करायचा? मी आजच नेतो."

हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. अब्रू गेली आणि गाडीही निघाली. डॉक्टरांनी किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली बाईंच्या मुठीत होती आणि मूठ उघडत नव्हती.

"मला ती हवी आहे," बाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की तो आपलाच आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. "मला नाही विकायची. मला हवी आहे ती."

यजमानांचा चष्मा पुसणारा हात थांबला. लग्न झाल्यापासून ते बाईंना काय हवं ते विचारत आले होते. दागिना, प्रवास, नवं घर, काहीही विचारलं तरी "कशाला उगाच" याखेरीज उत्तर मिळालं नव्हतं. पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उठून डॉक्टरांच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन उभे राहिले, आणि वाचनालयात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दुसरी शोधा. हिला हवी आहे."