बिळावरचं झाकण

पेंग्विन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फच. काचेपाशी येणारा दर तिसरा माणूस विचारायचा, "बर्फ कुठाय हो?" प्राणिसंग्रहालयात सतरा वर्षं या पक्ष्यांचं करणाऱ्या मावशींना आता त्याचं हसू येत नसे.

पहिल्या वर्षी त्यांनाही तसंच वाटलं होतं. मोठ्या हौसेने त्यांनी पाट्या भरभरून बर्फ पसरला, तर पक्षी कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. तेव्हाचे म्हातारे डॉक्टर पोट धरून हसले. "अहो बाई, हे उन्हातल्या किनाऱ्यावरचे! बर्फावरचे निराळे. त्यांच्यातला थोराड असतो तो अंडं पायांवर घेऊन हिवाळाभर उभा राहतो. दुसरे खडे वेचून घरटं करतात. एक जात तर विषुववृत्तावर, खडकांच्या कपारीत. आपले हे बीळ उकरतात आणि अंधारात अंडी घालतात." देवाने एकाच घराण्यात किती तऱ्हा करून ठेवल्यात, म्हणून मावशींनी तिथेच हात जोडले होते.

यंदा चार वर्षांनी एका जोडीच्या अंड्यात जीव धरला होता. दिव्यासमोर धरलं की आतली सावली टुणकन हलायची.

"काय गं, तुझे काळ्या कोटातले वकील काय म्हणतात?" एका रात्री नवऱ्याने जेवताना विचारलं.

"बसलेत आळीपाळीने. फुटायला सहाच दिवस राहिलेत."

दुसऱ्याच दिवशी नवे साहेब आले. "आज मोठे पाहुणे आहेत. त्या पेटीचं झाकण काढा, अंडं दिसू दे."

"साहेब, ती पेटी म्हणजे त्यांचं बीळ. उजेडात बसायचे नाहीत ते."

"टीव्हीवर हजारो बसलेले असतात की उघड्यावर!"

"ते वेगळे, साहेब."

"पेंग्विन तो पेंग्विन. तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला सांगतो."

दुसरा ओढाताण करेल, या भीतीने मावशींनी स्वतःच झाकण काढलं. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

काचेवर गर्दी झाली, फोटोंचा लखलखाट सुरू झाला. नर बावरून उठला आणि थेट पाण्यात गेला. मादी तर जवळही फिरकली नाही. पाहुणे अडीच तासांनी हलले, तेव्हा अंडं दगडासारखं गार होतं. झाकण लावल्यावर संध्याकाळी नर परतला, अंड्यावर बसला. मावशींनी देवाला साकडं घातलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंडं दिव्यासमोर धरलं. सावली हलली नाही. पुन्हा धरलं. नाहीच. त्यांनी ते परत त्याच्या पोटाखाली सरकवलं आणि नोंदवही उघडली.

"कारण अज्ञात लिहा," साहेब म्हणाले. "होतं असं कधीकधी."

"होतं, साहेब. पण हे तसं झालं नाही." त्यांनी लिहिलं : पाहुण्यांसाठी झाकण काढलं. हुकूम साहेबांचा, हात माझे.

साहेबांचा चेहरा उतरला. "याचा परिणाम कळतोय ना तुम्हाला?"

मावशींनी वही मिटली. मेलेलं अंडं ठेवून चालणार नव्हतं. त्या बिळाशी गुडघ्यांवर बसल्या. आत नर चोचीने अंडं हळूच फिरवत होता, ऊब सगळीकडे सारखी लागावी म्हणून. त्यांनी हात आत घातला. त्याने मनगटाला कडकडून चावा घेतला. मावशींनी हात मागे घेतला नाही.