इंडोनेशियाच्या जहाजाचा कणा

ती घटना आठवायला मला जुनी डायरी काढावी लागत नाही. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. पेण भागात माझी नेमणूक होऊन सात-आठ महिने झाले होते. हजेरी, बंदोबस्ताची यादी आणि भाऊबंदकीचे दोन अर्ज एवढं उरकून मी चहा सांगितला होता. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, एक बाई आल्यात. तुमच्याशीच बोलायचं म्हणतात. पिशवीत काहीतरी जड आहे, दाखवायला तयार नाहीत."

पिशवीत काहीतरी जड आहे म्हटल्यावर मी स्वतःच उठून बाहेर गेलो. पन्नाशीची बाई, डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली, एसटीच्या प्रवासाने थकलेली. आत येऊन तिने पिशवीतून कापडात गुंडाळलेला एक काळपट ठोकळा काढून टेबलावर ठेवला. आकाराने दोन विटांएवढा, पण वजन पाट्यासारखं.

"लाकूड हाय, साहेब," ती म्हणाली. "पन पान्यात टाकलं तर बुडतं."

खोटं कशाला बोलू, मला वाटलं बाईचं डोकं फिरलंय. तरी बादली मागवली. ठोकळा आत सोडला आणि तो दगडासारखा तळाला गेला. ठाणे अंमलदार माझ्याकडे बघू लागला, मी बाईकडे.

मग तिने सांगितलं. ती रोह्याच्या पलीकडे अष्टमीला राहणारी. नवरा वीस-बावीस वर्षं आखातात होता, तिथल्या एका गोदीत फोरमन. तिथे त्याची एका इंडोनेशियन सुताराशी दोस्ती झाली. हे लोक जुन्या पद्धतीची दोन डोलकाठ्यांची मोठी लाकडी जहाजं बांधतात, शिडांवर चालणारी, आणि आता त्यात पर्यटकांना फिरवतात. नवऱ्याच्या मनाने तेच घेतलं. नोकरी सोडून तो परत आला, सुताराला बोलावून घेतलं आणि धरमतरच्या खाडीकाठी जागा भाड्याने घेऊन तसंच जहाज बांधायला काढलं. पैसा एकट्याचा नव्हता. बाईचे तीन भाऊ आणि गावातले आणखी चार-पाच आखातवाले त्यात भागीदार होते.

त्या सुतारांची एक रीत आहे. जहाजाच्या पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत जे जाड लाकूड असतं, म्हणजे जहाजाचा कणा, तो बसवताना त्याची दोन्ही टोकं कापतात. पुढचा तुकडा समुद्रात टाकतात. मागचा मालकाच्या बायकोकडे देतात. तिने तो घरात सांभाळला की जहाज घरी परत येतं. दुआ म्हणून तो तुकडा या बाईच्या हातात दिला होता. कणा होता इंडोनेशियाहून आणलेल्या, पाण्यात बुडण्याइतक्या जड अशा लोखंडी लाकडाचा.

"आता तिथं जो कना हाय तो ह्या लाकडाचा नाय," बाई म्हणाली. "कोनीतरी बदललाय. शुक्रवारी नमाज झाली की दुपारच्या उधानाला जहाज पान्यात सोडनार. माजे भाऊ, भावजया, पोरं, सगली पयल्या फेरीला वर बसनार हायत. चालीस तरी मानसं."

"संशय कोणावर?"

"अज्ञात इसम लिवा, साहेब."

मी घाटावरचा माणूस. पाणी विहिरीत असावं, एवढंच मला पाण्यातलं कळतं. पण चाळीस माणसं आणि तीन दिवस हे गणित मलाही कळलं. अर्ज चौकशीवर घेतला आणि नोंद करून तासाभरात धरमतर गाठलं.

जहाज पाहिलं आणि मनात म्हटलं, अबब. काठावर टेकू देऊन उभं केलेलं ते धूड लांबून घरासारखं दिसत होतं. खाली वाकून पाहिलं तर कण्यावर डांबराचा जाड थर. पंच म्हणून पेणहून गणपतीच्या कारखान्यातला एक रंगारी नेला होता, मखरांचं लाकूडकामही करणारा. त्याने आपल्या पटाशीने डांबर खरवडून आतली ढलपी काढली. बाटलीतल्या पाण्यात टाकली. ती वर आली ती वरच राहिली.

"आंबा हाय, साहेब," रंगारी हुंगून म्हणाला.

आता इथे मी चूक केली, ती सांगून टाकतो. लाकूड पुरवणारा दलाल पेणचा होता. जहाजबांधणीत लाकूड बदललं म्हणजे लाकूडवाल्यानेच, असं मी ठरवूनच टाकलं. त्याला बोलावून दुपारपासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवला, नंतर आत घेऊन टेबलावर हात आपटला, तुला आत टाकतो म्हणालो. तो घामाघूम झाला, पण एकच धरून बसला. "साहेब, पावत्या बघा. बंदरातून माल उतरवला तो मी, धरमतरला पोचवला तो मी. पुढचं मला म्हायती नाय." बुधवारी त्याची एकेक पावती तपासली. सगळ्या खऱ्या. एक दिवस असा फुकट गेला आणि एका सरळ माणसाचा मी अपमान केला. माझ्या रागाने नोकरीत माझं बरंच नुकसान केलंय, हे त्यातलं एक.

जहाज थांबवावं तर माझ्या हातात एक ढलपी आणि एक ठोकळा. भागीदार पैसेवाले, वरपर्यंत फोन जाणार. न थांबवावं आणि खाडीत काही झालं तर? डोळ्यांसमोर सारखी पोरं येत होती. आमच्या खात्यात माणूस गुन्हेगाराला भीत नाही, पण जे अजून घडलं नाही त्याची फार धास्ती असते.

गुरुवारी सकाळी इकडच्या मिस्त्रीला बोलावलं. इंडोनेशियन उस्ताद पावसाळ्यापूर्वीच मायदेशी गेला होता. फळ्या चढवल्या त्या खाडीपलीकडच्या या मिस्त्रीने. साठी उलटलेला, उभ्या जन्मात होड्याच बांधलेला माणूस. अशा माणसाला लाकूड कळत नाही हे शक्य नव्हतं. या वेळी मी टेबलावर हात आपटला नाही. समोर चहा ठेवला आणि पावसाळ्याचं, मासळीचं विचारत राहिलो. तो हूं हूं करत होता. मग सहज म्हणालो, "उद्या तुम्हीपण चढणार ना? नातवाला घेऊन?"

"नातू नाय यायचा," तो म्हणाला. "त्याला मामाकडं धाडलाय, नागोठण्याला."

"शाळा असताना?"

मिस्त्रीने कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. मी दुसरा प्रश्न विचारला नाही. चौकशीत गप्प राहणं फार कमी जणांना जमतं, मला ते चाळिशीनंतर जमायला लागलं.

"उभा हाय तवर काय नाय," तो शेवटी म्हणाला. "दोन ओंडके सांधलेत. वर इंजन, काठ्या, मानसं. ओहोटीला चिखलात बसला की सांधा उघडंल. कवा ते अल्ला जाने नायतर देव जाने. मी मालकाला बोललो व्हतो, साहेब. दोनदा बोललो."

"कुठल्या मालकाला?"

"मालक एकच हाय."

मला आधी कळेना. बाईचा नवरा? ज्याचं जहाज, त्यानेच त्याचा कणा बदलला?

दुपारी नवऱ्याला बोलावलं. उंच, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात शुक्रवारच्या दावतीची सामानाची यादी. मी काहीच विचारलं नाही. कापड सोडलं आणि ठोकळा समोर ठेवला. त्याच्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "हा घरातून कोणी आणला?" आणि उत्तर न ऐकताच खाली बसला.

मग खिशातून घड्या पडून मऊ झालेला एक कागद काढला. उस्तादाने दिलेला पहिला भाव. "साहेब, आपल्याकडं मिस्त्रीला होडी सांगितली की काठीसकट होडी. लांबीवर भाव ठरला की त्यात सगळं आलं. मी हा भाव तसाच समजलो. त्यांच्याकडं हा भाव म्हणजे नुसतं जहाजाचं पोट. काठ्या वेगळ्या, शिडं वेगळी, इंजन वेगळं, सुकाणू, नांगर, खोल्या, संडास, सर्व्हे, परवाने, सगळं वेगळं. हे मला कणा बसल्यावर कळलं. तोवर मी सगळ्यांना आकडा सांगून बसलो होतो. खर्च तिपटीवर गेला."

"मग भागीदारांना सांगायचं."

"कसं सांगू? वाळवंटात राबून आणलेला पैसा त्यांचा. वीस वर्षं गोदीत काढली म्हणून मला पुढारी केला, आणि मला भावच वाचता आला नाय? हसले असते." त्याने कागदाची घडी घातली. "पावसाळ्यात काम बंद होतं. लोखंडी लाकडाला गिऱ्हाईक होतं. कणा काढून विकला, आंब्याचा बसवला. त्या पैशात इंजन आलं. वाटलं, एक हंगाम चालवू, पैसा आला की कणा बदलून घेऊ."

"आणि उद्या ती पोरं चढली असती त्यांचं?"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. मी त्याला स्पष्ट सांगितलं, बंदर खात्याला पत्र गेलंय, जहाज सुटणार नाही. पण लोकांना कारण तू सांगायचं, मी नाही.

बाईला हे कसं सांगावं याची मला धास्ती होती. तिला बोलावून घेतलं, शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "कबूल झाले का?"

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच ती डबा द्यायच्या निमित्ताने धरमतरला गेली होती, ढलपी घरी आणली होती, बादलीत टाकून पाहिली होती. इंजिनाचे पैसे कुठून आले हाही हिशेब तिने मनात केला होता. रोह्याला ठाणं जवळ असताना ती पेणला आली ती इथे कोणी ओळखत नाही म्हणून.

"मग मला पहिल्याच दिवशी सांगायचं ना, बाई. मी त्या दलालाला उगाच बसवला."

"त्याची माफी मागते मी. पन नवऱ्याचं नाव माज्या तोंडानं पोलिसात कसं घेऊ? आनि घरात इचारलं असतं तर खोटं बोलले असते. एकदा खोटं बोललेला मानूस मग ते सोडत नाय, साहेब. तुमी इचारलं तर सोडतील, असं वाटलं."

शुक्रवारी मी साध्या कपड्यात गेलो, दोन शिपाई लांब उभे करून. शामियाना होता, बिर्याणीच्या देगा चढल्या होत्या, खाडी काठोकाठ भरत होती. नवरा उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. मारामारी होणार असं मी धरून चाललो होतो. बाईचा थोरला भाऊ, कुवेतहून दोनच दिवसांपूर्वी आलेला, उठून शिडीकडे गेला. त्याच्या दोन मुली वर खेळत होत्या. त्याने एकीला उतरवलं, मग दुसरीला. दोघींच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मेहुण्यापाशी येऊन म्हणाला, "जेवण थंड होतंय. लोकांना बसव."

भागीदारांनी लेखी दिलं की आमची तक्रार नाही, आम्ही आपसात मिटवतो. जहाज पुढे जागेवरच विकलं गेलं, इंजिन वेगळं, फळ्या वेगळ्या. दलालाकडे मी स्वतः गेलो आणि माफी मागितली. त्याने चहा दिला, पण माफ केल्यासारखं वाटलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

मी या प्रकरणातून एवढंच शिकलो की माणूस लबाडीने जेवढं लपवतो, त्याच्या कितीतरी पट लाजेने लपवतो. त्याला दम देऊन काही मिळत नाही. खरं बोलायला जागा करून द्यावी लागते, आणि पुष्कळदा घरातल्या कोणीतरी ती आधीच करून ठेवलेली असते.

नवरा भागीदारांचे पैसे फेडायला पुन्हा आखातात गेला, त्या वयात, खालच्या पगारावर. निवृत्तीनंतर एकदा मी रोह्याला गेलो होतो, तेव्हा पुलावर बाई भेटली. कसे आहेत म्हणून विचारलं.

"रोज फोन करतात," ती म्हणाली. "आता सगलं सांगतात. आज डालीत मीठ जास्त पडलं, हेपन सांगतात. ऐकून कंटाला येतो, साहेब. पन मी फोन ठेवत नाय."