फोन आधी कोणी ठेवायचा

त्याचं नाव कळलं नाही, चेहराही दिसला नाही. आवाज मात्र आजही ओळखेन.

रत्नागिरीच्या घरी दुपारी मी एकटीच होते, तेवढ्यात लँडलाइन वाजला. "ताई, मुलीच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते थकलेत. संध्याकाळी पोलीस दारात येतील." मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, हे कुवेतला.

बोलणं किती अदबीचं! मध्येच चहाचा घोट घ्यायचा, कप बशीत ठेवायचा. मागे बाळ रडलं तर "आलो हां राजा," म्हणाला, आणि त्याच मऊ आवाजात मला, "एटीएम कार्ड घ्या. नंबर आणि पिन सांगा."

आमच्याकडे रीत अशी की ज्याने फोन केला, त्यानेच ठेवायचा. कुवेतहून बोलणाऱ्याला आपण कसं तोडायचं? म्हणून कार्ड हातात धरून मी ऐकतच राहिले. शेवटी कसंबसं म्हटलं, "आधी बँकेत विचारते."

"फोन ठेवू नका!" तो ओरडला.

मला पोलिसांची भीती घालणारा माणूस माझ्या फोन ठेवण्याला घाबरत होता. मी ठेवला.

लगेच बेल वाजू लागली. हे असतील का? तरी उचलला नाही. ती थांबल्यावर पासबुकावरचा नंबर बघून बँकेला फोन लावला. हप्ते शिक्षण संपल्यावरच सुरू होणार होते.

संध्याकाळी ह्यांचा फोन. "दुपारी उचलला का नाहीस?"

सगळं सांगितलं. मग हे म्हणाले, "आता तूच आधी ठेव बघू."

रिसीव्हर धरलेला माझा हात काही केल्या खाली जाईना.