पाण्यात विझवलेलं पोलाद

मेलेल्या सैनिकाचं स्मारक केवढं असावं, असं तुम्हाला वाटतं? साहेबांची नावं संगमरवरावर कोरणाऱ्यांनी त्याची मापं कधीच ठरवून टाकली आहेत. माझा मामा घडवतो आहे ते स्मारक मात्र दरसाल लहान होत चाललं आहे. अख्ख्या खालापूर तालुक्यात त्याच्याइतका हट्टी माणूस नाही. लष्कराचा ट्रक चालवून तो इतका ड्रायव्हर झाला आहे की पायी चालतानाही वळणावर हात बाहेर काढतो आणि जेवायला बसला की पाटाखाली विटेचा तुकडा सारतो. "उतार हाय रं, गाडी घसरंल." आम्ही हसतो. तो हसत नाही.

पासष्टच्या लढाईत ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसलेला कोंडाणे गावचा धोंडू बॉम्बनं गेला. फुटलेल्या ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, हातभर तुकडा मामानं ट्रंकेत घालून गावी आणला. त्याचा कोयता घडवायचा, त्यावर धोंडूचं नाव घालायचं आणि दसऱ्याला, घरोघर हत्यारं पुजतात तेव्हा, तो धोंडूच्या आईच्या पाटावर ठेवायचा, असा त्याचा बेत. गावच्या लोहाराच्या भात्यावर बसून घडवतो झकास. पण लालबुंद पातं विझवायची वेळ आली की पाण्याची बादली पुढे ओढतो. लोहार कपाळाला हात लावतो. "मामा, गाडीच्या पाट्याचं पोलाद हाय. तेलात विझवा, पाण्यात तडकतंय."

"धोंड्यानं जाताना पाणी मागितलं हुतं. माज्याजवळ नव्हतं. त्याला आता तेल पाजू व्हय?"

आणि पातं तडकतं. तडकलेलं कापून टाकायचं, उरलेलं पुन्हा घडवायचं. अशानं कोयत्याची सुरी झाली आणि सुरीचा चाकू. शेजारी विचारतात, "मामा, फुडल्या साली नखं काडायला देनार काय?" युद्धं पुकारणाऱ्यांविरुद्ध मी कर्जत स्टेशनाबाहेर पत्रकं वाटली आहेत, पोलिसांशी हुज्जत घातली आहे, पण या एका बादलीपुढे माझं काही चालत नाही.

धोंडूच्या म्हातारीला आता दिसत नाही. गेल्या दसऱ्याला तिनं पाट हातानं चाचपला आणि रिकाम्या लाकडावरच झेंडूचं फूल ठेवलं. "तेलातच विझव रं बाबा," ती म्हणाली. "माजा पोर काय बोलायचा नाय तुला." मामानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी भात्यापाशी बादली काठोकाठ भरलेली होती.

आता बोटभर पोलाद उरलं आहे. ते एकदाच घडेल. खालापूरला उतरलात तर दसऱ्याआधी त्या भात्यापाशी जा. लोहारानं तेलाचा डबा मागे तयार ठेवला आहे. मामाला ट्रकच्या गोष्टींत गुंतवा आणि पायानं ती बादली लवंडून द्या. मी गेलो होतो. माझा पाय उचलला नाही. तुम्ही तेवढं करा.