हनुमंतरावांचे पाच पिंजरे

रोज सकाळी दहाला हनुमंतराव शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळत, साबण न लावता हात धूत आणि तो डासांच्या पिंजऱ्यात घालून म्हणत, "या बायांनो, पान वाढलें." रक्त मिळाल्याशिवाय मादी अंडी घालत नाही. मद्रासच्या आमच्या मलेरिया प्रयोगशाळेत ते रक्त बहुधा हनुमंतरावांचंच असे.

ते प्रयोगशाळा-सहायक, तंजावरच्या मराठी घरातले, राहायला शहरातच, मैलापुरात. मी पुण्याहून नवी डॉक्टरेट घेऊन आलेला त्यांचा साहेब. तीन विहिरी मैलापुरातल्या आणि दोन अंबत्तूरपलीकडच्या खेड्यातल्या, अशा पाच विहिरींतून अळ्या आणून त्यांनी डासांची पाच घराणी दोन वर्षं वेगवेगळी वाढवली होती. प्रत्येक पिंजऱ्यावर विहिरीच्या मालकिणीचं नाव होतं. "अंबुजम मामी नाजूक आहे सार्, फवाऱ्याचें औषध लागतांच पडते. शेजारची कमला मामी ढिम्म हालत नाही." हा फरक पिढ्यान् पिढ्या टिकतो का, एवढंच त्यांना निवृत्तीपूर्वी पाहायचं होतं.

"मला तर सगळे सारखेच दिसतात," मी पहिल्याच आठवड्यात म्हणालो होतो. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. होडीसारखं अंडं, दोन्ही बाजूंना तरंगायला हवेच्या पिशव्या, त्यांवर बारीक वळ्या.

"मोजा सार्. शहरच्या आडाला वळ्या जास्त, खेड्यातल्या आडाला कमी. आपल्या मराठीसारखेंच आहे. तुम्हां पुणेकरांना एकच बरोबर वाटते, म्हणून बाकीची ऐकूं येत नाही."

पुढे दिल्लीहून मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. संचालकांनी डासांच्या खोलीत गालिचा घातला, चंदनाचा हार मागवला. हनुमंतराव वडिलांच्या श्राद्धासाठी कुंभकोणमला गेले होते. त्या आठवड्यात प्रत्येक पिंजऱ्यात मूठभरच डास होते. "रिकामे दिसतात हो," संचालक म्हणाले. मी नाही म्हणू शकलो असतो. मी नळीने ओढून पाचही घराणी एका मोठ्या पिंजऱ्यात सोडली. अळ्यांच्या परातीही एकत्र ओतल्या. मोठ्या साहेबांनी तो काळाभोर पिंजरा अर्धा मिनिट पाहिला, "निरोगी आहेत" म्हणाले आणि कॉफीला गेले.

परत आल्यावर हनुमंतरावांनी विचारलं, "मामी कुठें आहेत सार्?"

मी मोठा पिंजरा दाखवला. "अंड्यांवरून निवडता येतील ना?"

"शहर कीं खेडें, तें कळेल. अंबुजम कीं कमला, तें कसें कळणार?" ते पिंजऱ्यापाशी गेले. मग बाही गुंडाळत म्हणाले, "यांचें काय चुकलें? भुका लागल्या असतील."

वार्षिक अहवालात मी लिहिलं, 'सहायक रजेवर असताना पिंजऱ्यांची सरमिसळ झाली.' शब्द न् शब्द खरा होता. त्यावरून संचालकांनी हनुमंतरावांना लेखी ताकीद दिली. माझ्यासमोर सही करताना ते म्हणाले, "बरोबर आहे सार्. मी रजेवर होतोंच." खोलीत आम्ही दोघंच होतो. मी ताकिदीचा कागद घडी करून फाइलीत ठेवला.

वर्षभरात ते निवृत्त झाले. पुन्हा पाच घराणी उभी करायला तेवढा वेळ पुरला नाही. निरोपाच्या समारंभात मी त्यांच्या निष्ठेवर पंधरा मिनिटं बोललो. खांद्यावरची शाल सावरत ते माझ्यापाशी आले. आता बोलतील, असं मला वाटलं. त्यांनी बोलावं, असंही वाटलं.

"सार्, उद्यां दहाला हात कोणाचा?"

माझा. साबण न लावता धुतला आणि आत घातला. सगळ्या येऊन बसल्या. त्यांत अंबुजम मामीची कोण, ते मला ओळखता आलं नाही.