धवलारणीचा घास

घणसोलीत भटजी उशिरा आला तर लग्न थोडं लांबायचं, पण पुतळाबाय आली नाही तर लग्नच अडायचं. ती गावाची धवलारीण. हळदीला, तेलाला, पाठवणीला मांडवात बसून धवले म्हणायचे आणि देवांना नाव घेऊन हाका मारायच्या, हे तिचं काम. आवाज खाडीपलीकडे जावा असा, आणि जीभ नवऱ्याच्या बापानं मान खाली घालावी अशी. तिचा स्वतःचा नवरा लग्नाच्या वर्षीच गेला होता. पोरबाळ नाही. एरवी रांडावल्या बाईला मांडवाच्या कडेलासुद्धा कुणी बसू देत नाही, पण धवलारणीला उठवणार कोण? सवाष्णींच्या नाकावर टिच्चून ती मधोमध बसायची. मांडव उतरला की मात्र गावकुसाच्या घरात कोंबड्यांना शिव्या घालत एकटी. मांडव आहे तोवरच आपण माणसात आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

धवले चार गावच्या चार धवलारणी म्हणत. पुतळाबायचा घास मात्र तिचा एकटीचा. नारळाच्या रसात गूळभात कालवायचा आणि पाठवणीच्या आधी नवरीला आपल्या हातानं भरवायचा. ही काही गावाची रीत नव्हे, हिनंच काढलेली. भात सकाळी कालवलेला असायचा, चुलीच्या उबेला झाकून ठेवलेला, आणि दुपार कलली की बाहेर यायचा. घास नुसता ओठाला लावून भागायचं नाही, बोटं पार आत जायची.

"गिल गो बाय, गिल. सासूच्या पुढं तोंड उघराला मिलाचा नाय, आथाच काय ते उघर!"

बायका खिदळायच्या, नवरी डोळ्यांत पाणी आणून गिळायची.

सरकारनं खाडीकाठची जमीन नव्या शहरासाठी घ्यायला सुरुवात केली त्या सुमाराची गोष्ट. जमिनीचा मोबदला हातात आला तशी लग्नं वाढली, मांडव मोठे झाले, आणि नव्या नवऱ्या सासरी जाऊन पंधरवडा झाला की तापानं पडायला लागल्या. सगळ्याच नाहीत. एक दिवाळे गावात पडली, एक कोपरखैरण्याला. सासरची माणसं पुतळाबायकडे विचारायला यायची, कारण मांडवातलं चुकलं-माकलं तिलाच कळणार. तिला कधी उत्तर शोधावं लागलं नाही. एकीनं हळद उतरायच्या आधी उंबरा ओलांडलेला, दुसरीनं पाठवणीला मागं वळून बघितलेलं. पोरी बिचाऱ्या बऱ्या व्हायच्या आणि तो ठपका लुगड्याच्या गाठीला बांधून जन्मभर वागवायच्या.

मग गावातल्या गोटीरामची पोर गोजरा तळवलीच्या देवजीला दिली.

गोजरा अंगानं धट्टीकट्टी. तिलाही ताप आला, पण ताप पुरता उतरायच्या आत सासूनं चुलीपुढं बसवली. तिच्या हातचं खाऊन सासरा तापानं आडवा झाला. तिसऱ्या आठवड्यात जरा उतार पडला, म्हाताऱ्याला मटणाची आठवण झाली, ताटभर ओरपलं. संध्याकाळी पोट दगडासारखं झालं. आतडं फुटलं होतं. ठाण्याला नेता नेता वाटेतच गेला.

तेराव्यानंतर देवजीची आई सरळ पुतळाबायच्या दारात येऊन उभी राहिली. "पुतलाबाय, खरं सांग. माजा घो कनी खाल्ला?"

पुतळाबायनं डोळे मिटले, मान डोलावली. "पोरीचा हात वंगाल हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोजरा पेटीसकट बापाच्या ओट्यावर होती.

वाशीच्या नव्या वसाहतीत सरकारी दवाखाना होता, आणि तिथं वैजयंतीबाई म्हणून सांगलीकडची तरुण डॉक्टर. लग्नसराईत नव्या नवऱ्यांनाच विषमज्वर का व्हावा, हे तिच्या डोक्यात बसलं. ती घरोघर फिरली. लग्नात काय खाल्लंत, कुणाच्या हातचं खाल्लंत, हेच विचारत राहिली. पाणी वेगळं, आचारी वेगळे, मांडव वेगळे. एक घास तेवढा सगळीकडे तोच. तरी एकटीवर बोट नको म्हणून तिनं मांडवात राबणाऱ्या सगळ्याच बायांना डब्या वाटल्या. सकाळचं परसाकडचं आणून द्या म्हणाली.

गावभर हसणं उसळलं. पुतळाबाय सगळ्यांत पुढं. "सरकारनं जमीन नेली, मिठागरं नेली, आथा गू पन नेतंय! बायांनो, पैसं रोख घ्या गो!"

पण डबी तिनंही दिली. न देऊन करते काय, सगळ्या देत होत्या.

निकाल घेऊन वैजयंतीबाई एकटी आली. दार लावून घ्या म्हणाली.

"आजी, हा ताप तुमच्या पोटात आहे."

"मना ताप? हात लावून बग, थंडगार हाय."

"तुम्हाला नाही. ह्या जंतूंचीही कुळं असतात. तपासताना रंग लावतात, काही जांभळे राहतात, काही लाल होतात. हा लालातला. त्याच कुळातला दुसरा एक तुमच्या माझ्या, सगळ्यांच्या आतड्यात राहतो, गपगुमान. दिसायला दोघं सारखेच. मग दुधातली साखर घालून बघतात. जो घरचा असतो तो खातो, हा शिवत नाही. तिथं ओळखू येतो."

"ज्येवनावरना जात वलकायची. म्हंजे आमच्यासारकंच की."

बाई हसली नाही. "धनुर्वाताचा जंतू शेणामातीत राहतो. पटकीचा खाडीच्या खाऱ्या पाण्यातही जगतो. ह्याला मात्र गाय चालत नाही, उंदीर चालत नाही. पाण्यातून येईल, जेवणातून येईल, पण त्याचं घर म्हणजे माणूसच. तुमच्या पित्ताच्या पिशवीत खडे असणार, त्यांच्या आड तो वर्षानुवर्षं राहतो. तुम्हाला काही करत नाही. हातावाटे घासात उतरतो. कधी मोठा ताप आला होता तुम्हाला?"

पुतळाबायला आठवलं. आला होता. लग्नाच्या वर्षीच. ती त्यातून उठली, भाकऱ्या थापायला बसली, मग नवरा पडला तो उठलाच नाही. सासूनं तेव्हा तिला म्हटलं होतं तेच शब्द तिनं परवा तळवलीकरणीला दिले होते. हात वंगाळ.

"त्या गोजराचा दोष नाही," डॉक्टरीण म्हणत होती. "मी तळवलीला जाऊन सांगून आले. ते म्हणतात, मग ताप आला कुठून ते सांग. तुमचं नाव मी सांगणार नाही, नाव फुटलं तर उद्या कुणी डबी देणार नाही. तुम्ही सांगा. पोरीचा संसार वाचेल."

"आन माजं काय वाचंल?"

"धवले म्हणा की खुशाल. गाण्यातून नाही जात तो. फक्त घास भरवू नका. साबणानं हात धुवा, गोळ्या घ्या. गोळ्यांनी नाही गेला तर पिशवी काढावी लागेल."

"पोटान सुरी नको," पुतळाबाय म्हणाली. गोजराचं पुन्हा निघायच्या आत तिनं दार उघडलं. गोळ्या दोन-चार आठवडे घेतल्या, मग कोंबड्यांच्या खुराड्यामागं टाकल्या.

पावसाळा सरता सरता गोटीराम आला. जमीन गेल्यापासून बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तो वॉचमन होता. खाकी कपड्यातच आला आणि ओट्याखाली उकिडवा बसला. वर ये म्हटलं तरी येईना.

"वयनी, देवजीला दुसरी बगतान. तुजा सबूद तलवलीत कोन मोरत नाय. एकदा बोल, पोरीचा हात चांगला हाय. एवरंच बोल. पाया परतू."

पुतळाबाय शेंगा सोलत होती. एवढंच बोलायचं होतं खरं. पण एवढंच बोलून भागणार नव्हतं. देवजीची आई विचारणार, मग हात कुणाचा? आणि तिसऱ्या दिवशी दिवाळ्याची सून, कोपरखैरण्याची सून, सगळ्या दारात उभ्या. मांडव संपला.

"बगते," ती म्हणाली. टरफलं झाडून आत गेली. गोटीराम उठला, टोपी झटकून ड्युटीवर गेला.

देवजीचं दुसरं लग्न लागलं. धवलारीण पुतळाबायच. नाही म्हटलं असतं तर का, असं कुणीतरी विचारलं असतं. तिनं आवाज असा लावला की तळवलीकर महिनाभर तेच बोलत होते. ह्या खेपेला ती नवऱ्याकडची धवलारीण, म्हणून घासाची वेळ पाठवणीनंतर सासरच्या दारात झाली, गूळभाताचं ताट आलं. पुतळाबायनं ताटाला हात लावला नाही. ते देवजीच्या आईपुढं सरकवलं.

"आजपासना घास सासूनं भरवाचा. जिच्या घरान पोरगी आली तिचा हात. मना देवान सांगलंय."

देवजीची आई मानानं फुगली. बायकांनी वाहवा केली. पुढं चार गावांत तीच रीत पडली.

नवी सून आली. पंधरवडा गेला, महिना गेला. तिला ताप नाही, सासूला नाही, कुणाला शिंकसुद्धा नाही. तळवलीत बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या. बघा, हिच्या पायानं घर कसं थंड झालं. म्हणजे ती गोटीरामचीच वंगाळ होती. इतके दिवस कुणाच्या मनात थोडी शंका होती तीही गेली. पुतळाबायनं पाळलेलं एवढं एक पथ्य, तेच गोजराच्या बोकांडी बसलं.

गोजराला ते कानोकानी कळलंच. नळावर तिनं पुतळाबायला गाठलं. दोघीच होत्या, हंडा भरत होता.

"आजे, तुला कलतं सगलं. माजाच हात वंगाल हाय का गो? ती डाक्टरीन नाय म्हनते."

पुतळाबायनं तिच्याकडं बघितलं. पोरगी वाळली होती. आता खरं सांगूनही देवजी काही परत मिळणार नव्हता, असा हिशेब तिनं मनात करून टाकला.

"व्हय बाय," म्हणाली. "नशीब एकेकाचं. डाक्टरनीला काय कलतंय."

गोजरानं मान हलवली. भरलेला हंडा पुतळाबायच्या डोक्यावर तिनंच चढवून दिला.

पुढं ती वाशीला फ्लॅटमध्ये कामाला लागली. भांडी घासायची, फरशी पुसायची. कणीक मळ म्हटलं की नाही म्हणायची. "माज्या हातचं खाऊ नका, बाय." भावाच्या पोरांना जेवताना जवळ येऊ देत नसे. बाकी कुठल्या कामाला कधी नाही म्हटलं नाही.

चार-पाच वर्षांनी पुतळाबायच्या पित्ताच्या खड्यांनी उचल खाल्ली. अंग पिवळं पडलं, हात लटलटायला लागले, गळ्यातून सूर निघेना. तोवर मांडवात कॅसेट आणि लाऊडस्पीकर आले होते. नवी धवलारीण आली होती. आजारी म्हातारीकडं कोण फिरकतो? गोजरा तेवढी कामावरून येताना पेज घेऊन यायची. भावजयीनं शिजवलेली, हे आधी सांगायची. उंबऱ्याबाहेर थाळी ठेवून आत सरकवायची आणि बाजूला बसायची.

एका दुपारी पुतळाबायला थाळी उचलवेना. दोनदा उचलली, दोनदा छातीवर सांडली.

"भरव गो."

"नको आजे."

"पोटान आग परलीय. भरव."

"माजा हात आजे. तुला ठावं हाय ना. तूच बोललीस."

पुतळाबायनं तोंड उघडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकायला गोजराच होती. गोजरा वाट बघत बसली, म्हातारीला काही बोलायचं असावं म्हणून पुढं वाकलीसुद्धा.

पुतळाबायनं तोंड मिटलं. कुशीवर वळली, थाळीशी तोंड नेलं आणि कुत्र्यासारखी लपलप पेज चाटायला लागली. अर्धी जमिनीवर गेली.

गोजरानं थाळी उचलली. आपला हात लागला होता म्हणून दारातल्या राखेनं ती दोनदा घासली, धुतली, आणि उन्हात पालथी घातली.