पडवीतली खानावळ

मजुरीवर भागेना, तेव्हा आईनं तळेघरच्या आमच्या घरी पडवीतच खानावळ काढली. पहिल्या दिवशी भीमाशंकरला निघालेले चौघे नाचणीची भाकरी आणि पिठलं पोटभर जेवले. त्यांनी पैसे विचारले, तर आई लाजली. "जेवल्याल्या माणसाकडनं पैसं घ्यायचं व्हय?" वर त्यांना शेरभर तांदूळ बांधून दिला. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पायरीवरच हात पुढं करू लागली. "आधी पैसं द्या, मग पाय धुवा." लोक हसत हसत द्यायचे. खानावळ आजही जोरात चालते. निघताना तांदळाची पुडी मात्र ती अजून बांधते. मी कटकट केली की म्हणते, "पायरीवर गिऱ्हाईक व्हतं. जेवलं, आता पावणं झालं. पावण्याला रिकाम्या हातानं धाडू?"